विमलताईंची बोटं

विमलताई कधी कुणाला "आवडलं का?" असं विचारत नसत. वाजवून झालं की स्टुलावरच अर्ध्या वळत, उजवा हात डाव्या हातात घेऊन चोळत बसत आणि समोर जो असेल त्याला विचारत, "कंटाळा कुठं आला, सांग."

माणूस गडबडून जाई. शहरातून आलेला पाहुणा असला तर म्हणे, छे छे, कंटाळा कसला. मग त्या हसत. "खोटं बोलून राह्यले तुमी. मले स्वतःले आला मधात."

वाशीम सोडून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलं की आमचा मळा येतो. वांगी, मेथी, पालक, टमाटे. आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून विमलताईंचं घर. घर जुनं नव्हतं, मोठंही नव्हतं. त्यांच्या वडिलांची ती जमीन. ताई लहानपणीच मुंबईला शिकायला गेल्या, तिथून फ्रान्सला, आणि साठी उलटल्यावर एका ट्रकात पियानो घालून परत आल्या. लग्न का केलं नाही, असं बायांनी विचारलं तर म्हणत, "राहून गेलं." जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं.

मी पहिल्यांदा गेले ती मेथीची जुडी द्यायला. आतून पियानोचा आवाज येत होता म्हणून कडुनिंबाखाली उभी राहिले. आवाज थांबेल, मग हाक मारू. पण तो थांबेना. बऱ्याच वेळानं ताई बाहेर आल्या.

"कवापासून उभी हायस वं?"

मी मेथीची जुडी पुढे केली.

"आत ये. ती मेथी इथंच निवड. निवडता निवडता आइक."

ताई आमच्याशी आमच्यासारखं बोलत. मुंबईच्या माणसांशी आधी पुस्तकातलं आणि रंगात आल्या की आमचंच, आणि फोनवर फ्रान्सचं. ते फ्रान्सचं बोलणं मला पोटात माया असलेल्या भांडणासारखं वाटे. पियानोवर बोट चुकलं की मात्र शिवी निघे ती इथलीच.

पियानोचे लाड फार. उन्हाळ्यात आमच्याकडे लाकूड तडकतं, म्हणून त्याच्या पोटाखाली पाण्याच्या पराती ठेवत. कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या, उंदीर येऊ नयेत म्हणून. वरून मच्छरदाणी. घरात कूलर एकच होता, तोही पियानोच्या खोलीत. माझ्या सासूबाई, यमुनाबाई, एकदा म्हणाल्या, "बाई, तुमी पंख्याखाली उकडून राह्यल्या अन् ते लाकूड थंड हवेत?" ताई म्हणाल्या, "यमुनाबाई, मी फाटली तर शिवता येते. ते फाटलं तर माणूस जर्मनीहून आणा लागते."

एका गणपतीत बायांनी त्यांना गळ घातली. पियानो काही देवळात येणार नाही, मग बायाच त्यांच्या घरी जमल्या. आरती वाजवा म्हणाल्या. ताईंनी आरती वाजवली, सगळ्यांनी टाळ्या धरल्या, मजा आली. मग ताई म्हणाल्या, "आता थोडं माह्या मनचं." आणि फ्रान्सचं काही सुरू केलं. लांब, हळू, मध्येच थबकणारं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हातारी आजी भिंतीला टेकून सरळ झोपली आणि घोरू लागली. सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी वाजवणं संपवलं, आजीच्या अंगावर आपली शाल टाकली आणि म्हणाल्या, "उठवू नका तिले. पॅरिसमंदी लोक तिकीट काढून झोपतात."

मी बोलत नाही हे त्यांना आवडे. म्हणूनच त्यांनी मला पानं उलटायला बसवलं. त्यांच्या संगीताचं पुस्तक समोर असे. दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, मग पान कोण उलटणार? मी चौथी शिकलेली. त्या पुस्तकातलं मला काही कळत नसे. तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखं दिसे. ताई हनुवटी जराशी खाली करत, की मी उलटायचं. एवढंच काम.

एकदा मी धीर करून म्हटलं, "ताई, मले थोडं वाचायले शिकवा न. चुकणार नाही मग."

"नको. वाचणारी पोरगी मनातल्या मनात सोताच वाजवत बसते अन् पान उलटायले उशीर करते. तू माह्याकडे पाहतेस. ती कागदाकडे पाहीन."

थोड्या वेळानं त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कंटाळा कुठं आला. त्या दिवशी मी उत्तर दिलं. म्हटलं, "सुरुवातीलेच आला. नंतर नाही." ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "बरोबर हाय वं! सुरुवात त्यानं लोकांसाठी लिहिली. मग विसरला लोकांले."

तो म्हणजे कोण, हे मला माहीत नव्हतं. फ्रान्समधला, गेल्या शतकातला कुणी. त्या काळच्या तिथल्या लोकांच्या रचना ताईंनी जन्मभर वाजवल्या होत्या. आता ताईंची एक सीडी निघायची होती. तिच्यात तीन रचना होत्या. एक पियानो आणि सोबत बरीच माणसं, एक पियानो आणि व्हायोलिन. या दोन्ही फ्रान्सला असतानाच रेकॉर्ड झालेल्या होत्या. तिसरी तिघांची, पियानो, व्हायोलिन आणि चेलो. ती राहिली होती. ती नसेल तर सीडी निघणार नव्हती.

आणि ताईंची बोटं आखडत चालली होती.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडे ओढली जात. आत नस गोळा होते, असं डॉक्टर म्हणाले. ताई त्या बोटांना जावई म्हणत. "माहे दोन जावई. रोज गरम पाणी द्या, तेल लावा, तरी रुसून बसतात." सकाळी मी पातेल्यात पाणी तापवून नेई. ताई हात बुडवून बसत, मग एकेक बोट ओढून सरळ करत. नंतर थोडा वेळ बोटं ऐकत. ऊन वर चढलं की पुन्हा मिटत. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. बोटं सरळ होतील म्हणाले, पण पियानो वाजवता येईल असं काही सांगता येणार नाही. म्हणजे जे करायचं ते त्याआधी.

मुंबईला जाणं जमणारं नव्हतं. "रेल्वेतच माहा हात संपते," असं त्या म्हणत. म्हणून मुंबईची माणसंच इकडे आली. व्हायोलिनवाली नीना, जीन्स घालणारी, चपळ, खूप हसणारी. चेलोवाले अरविंदराव, उंच, मऊ बोलणारे. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ म्हणा, पायांत धरून वाजवायचा. आणि रेकॉर्डिंग करणारा समीर. त्यानं खोलीत तारा पसरल्या, खिडक्यांना गाद्या लावल्या आणि कानाला यंत्र लावून बसला.

पहिले दिवस वाया गेले. पौष महिना, तुरीची काढणी चाललेली. चारी बाजूंनी मळणीयंत्रांची घरघर. रस्त्यापलीकडे कादरभाईंची पिठाची गिरणी. मळ्यांतल्या मोटारी. समीर दर पाच मिनिटांनी हात वर करी, "थांबा, थांबा. ट्रॅक्टर." ताईंची बोटं तेवढ्यात मिटत. गरम पाणी आणता आणता माझे पाय दुखले. सकाळी जमलेला हात दुपारपर्यंत टिकत नव्हता आणि तेवढ्यात शांतता मिळत नव्हती. संध्याकाळी नीनाचे डोळे भरून आले. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आवसेले वाजवू."

आमच्याकडे अमावस्येला कुणी बैल जुंपत नाही. मजूर कामावर येत नाहीत. मजूर नाहीत म्हणजे मळणी नाही. शेतशिवार त्या दिवशी गप्प असतं.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अव बाई! पूस महिना, अन् त्यात आवस! नवं काम कोणी करते का त्या दिवशी?"

"नवं कुठं हाय, यमुनाबाई? शंभर वर्सांचं जुनं हाय."

मग ताई घरोघर गेल्या. मी मागे. कादरभाईंनी गिरणीच्या दारातच त्यांना खुर्ची दिली.

"सकाळची गिरणी बंद ठेवीन ताई, पर बीवी का मुंह कैसे बंद करूँ?"

"तिले माह्याकडे पाठव. माह्याजवळ बसवते."

"फिर आपका बाजा कौन सुनेगा?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "सब सुन रही हूँ मैं!" ताई तिथंच पोट धरून हसत बसल्या.

सगळे कबूल झाले. माझे सासरे म्हणाले, "लाईट दुपारून येते. तवरोक आमची मोटर काही चालत नाही." शेतीची वीज वेगळी येते, आठवड्यागणिक तिची वेळ बदलते. घरची लाईन वेगळी, ती असते.

अमावस्येला सकाळी मी गरम पाणी घेऊन गेले तर खरंच काही आवाज नव्हता. धुकं होतं. सासूबाईही माझ्यामागे आल्या होत्या. वाईट काही होऊ नये म्हणून आले म्हणाल्या, पण पाहायचंच होतं त्यांना. मी पानांजवळ बसले. समीरनं कानाचं यंत्र काढलं.

"वहिनी, त्या बांगड्या वाजतात. काढून ठेवाल का?"

माझ्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. नवरा असताना हात मोकळा करायचा, आणि तोही अमावस्येला. मी हात पदराखाली घेतला.

ताई वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "समीर, तिच्या बांगड्या निघणार नाहीत. पान मी दातानं उलटीन पाहिजे तर."

मग सासूबाईच उठल्या. ताईंच्या जुन्या लुगड्याचं फडकं होतं, त्याची त्यांनी पट्टी फाडली. माझा हात धरून बांगड्या वर सरकवल्या आणि कोपराखाली पट्टी अशी गुंडाळली, जसं बाळाला दुपट्यात बांधतात. "हालव आता." मी हात हलवला. आवाज नाही. "झालं," त्या म्हणाल्या, "कायले एवढा घोर." आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या.

तिघांनी सुरू केलं. पहिला भाग झाला, दुसरा झाला. समीर अंगठा वर करी. राहिला शेवटचा, हळू चालणारा. मळ्यात आपण पाण्याचा दांड फोडतो, पाणी एका वाफ्यात भरतं आणि मग गुपचूप शेजारच्या वाफ्यात शिरतं. तो भाग मला तसा वाटे. आधी चेलो खालून येई, मग व्हायोलिन, मग ताई. त्या दिवशी ताईंची बोटं मी पाहत होते. दोन्ही जावई जणू रुसवा विसरले होते. शेवटची पानं आली. हनुवटी हलली, मी पान उलटलं. आणि तेव्हाच बाहेरून "घूंऽऽऽ" सुरू झालं.

आमची मोटर. पाठोपाठ शेजारच्यांची. मग त्यापलीकडची.

त्या दिवशी वीज लवकर आली होती. आणि सगळ्यांनी मोटारी बंद ठेवायचं कबूल केलं, पण स्टार्टरचं "ऑटो" काढायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आमच्याकडे वीज कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून सगळे ऑटो लावूनच ठेवतात. वीज आली की मोटर आपली आपण चालू होते. बंद ठेवायची म्हणजे बटण दाबायचं नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

सासूबाई तोंडाला पदर लावून उठल्या आणि अनवाणी पळत बाहेर गेल्या. समीरनं हात वर केला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या वाजवत राहिल्या, म्हणून बाकी दोघंही वाजवत राहिले. शेवटपर्यंत. शेवटचा सूर संपला तेव्हा आमची मोटर सासूबाईंनी बंद केली होती, दूरची चालूच होती.

नीना म्हणाली, "ताई, असं तुम्ही कधीच वाजवलं नव्हतं." आणि रडायला लागली.

ताईंनी हात पाहिला. "अजून एक खेप हाय यात. दोन नाही. कांता, पाणी आण."

मी पाणी आणलं. तेवढ्या वेळात सासरे, माझे मालक आणि कादरभाई एकेका विहिरीवर जाऊन ऑटो काढत फिरले. कादरभाई परत येताना धापा टाकत होते. दारातूनच कुजबुजले, "सब बंद. अब चिड़िया को भी डाँट के आया हूँ."

दुसऱ्या खेपेला शांतता पूर्ण होती. पण बोटं संपत आली होती. शेवटच्या पानावर मी पाहिलं, करंगळी उतरलीच नाही. दोन ठिकाणी सूर यायला हवा होता, तिथं तो आला नाही. ताईंनी डाव्या हातानं जमेल तेवढं झाकलं. सूर संपल्यावर समीरनं बराच वेळ कुणाला हलू दिलं नाही. मग म्हणाला, "झालं."

दुपारी सगळे आमच्या अंगणात जेवायला बसले. वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर. जेवताना समीरनं दोन्ही खेपा ऐकवल्या. पहिल्या खेपेत ताई अशा वाजवत होत्या की भाकर हातात राहिली. पण मागे ती मोटर.

"मोटर काढता येते का?" ताईंनी विचारलं.

"येते. पण तिचा आवाज आणि चेलोचे खालचे सूर एकाच ठिकाणी बसतात. मोटर काढली की चेलो पातळ होणार. आहे असं वाटेल, पण अंग जाईल त्याचं."

अरविंदराव लगेच म्हणाले, "काढा. ताई, माझ्यापुढे वाजवायला अजून वर्षं आहेत. तुमची ही खेप पुन्हा येणार नाही."

ताई भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या. मग सासूबाईंना म्हणाल्या, "यमुनाबाई, तुमी सांगा."

सासूबाई खाली पाहून म्हणाल्या, "पयलं झाक होतं, बाई. लय झाक. आमच्याच मोटरीनं घात केला."

"मोटरीचं सोडा. ती तिच्या कामाले लागली." ताईंनी ताट पुढे सरकवलं. "समीर, दुसरी घे."

नीना म्हणाली, "ताई, त्यात दोन सूर नाहीत."

"माहे नाहीत. अरविंदचे हायेत न सगळे? तिघांचं हाय हे. माह्या बोटांपायी त्याचा सूर कापू का मी?"

अरविंदरावांनी काही बोलायला तोंड उघडलं. ताई म्हणाल्या, "भरीत वाढ वं कांता, त्याले. बोलून राह्यला नुसता."

त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. मी ताईंचा चेहरा पाहत होते. काही दिसलं नाही. फक्त संध्याकाळी माणसं गेल्यावर त्या पियानोवर मच्छरदाणी टाकताना बराच वेळ तिचं एक टोक हातात धरून उभ्या होत्या. मी परातीतलं पाणी बदललं आणि घरी आले.

अकोल्याचं ऑपरेशन नीट झालं. बोटं सरळ झाली. पण त्यांत जोर आला नाही. करंगळीला तर लागलेलं कळतही नसे. त्या रोज चेंडू दाबत, डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं करत. मग एक दिवस त्यांनी चेंडू कादरभाईंच्या नातवाला देऊन टाकला. सीडी आली तेव्हा त्यांनी ती एकदा ऐकली, दारात पाय सोडून, मळ्याकडे तोंड करून. ज्या जागी सूर नव्हते तिथं मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या डोळे मिटून मान हलवत होत्या, चेलोच्या चालीवर.

नंतर पियानो मुंबईला, नीना शिकवते त्या संगीताच्या शाळेत गेला. त्या दिवशी माणसं तो उचलताना ताई अंगणातून ओरडत होत्या, "उताणा नका करू रे त्याले, बैल नाही तो!" ट्रक गेल्यावर मात्र त्या आमच्याकडे आल्या आणि सासूबाईंसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. सोलायला त्यांना वेळ लागे. सासूबाई मुद्दाम हळू सोलत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बसमधून. माझी बहीण मंगरूळपीरला दिलेली, तिच्या नातवाचं बारसं होतं. आम्ही परतलो तेव्हा ताईंच्या अंगणात माणसं जमलेली होती. झोपेतच गेल्या म्हणाले. मी आत जाऊन पाया पडले, पण त्यांचा चेहरा मी पाहिला असं मला म्हणवत नाही. मला दिसतं ते जातानाचं.

जागा मिळावी म्हणून आम्ही वाशीमलाच चढलो होतो. बस आमच्या मळ्याजवळून जाताना थोडी हळू झाली, पुढे बैलगाडी होती. ताई फाटकात उभ्या होत्या, डोक्यावर पदर, उन्हाला डोळे बारीक केलेले. मी खिडकीत दिसले तशी त्यांनी हात वर केला. उजवा. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी तो हात पाहिला होता, वाजवताना, पाण्यात बुडवलेला, मिटलेला, ओढून सरळ केलेला. पण असा कधी पाहिला नव्हता. पाचही बोटं उघडी, एकमेकांपासून लांब, सकाळच्या उन्हात. कुठं पोचायचं नव्हतं त्यांना, काही वाजवायचं नव्हतं. त्या नुसता हात हलवत होत्या.

बसमध्ये आमच्याच नात्यातली वडीलधारी माणसं भरलेली. तरी मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बस वळेपर्यंत आत घेतला नाही.